हे कळलं कसं? तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की विज्ञानाच्या पुस्तकातली कुठली गोष्ट तुमच्या गळी उतरत नाही ते कळवा. पत्रं भरपूर आली, पाचवी ते आठवीची मुलं जास्त, थोडे आईबाबा आणि बोरिवलीचे एक आजोबा. सगळी छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिली नाहीयेत, इयत्ता आणि राहायची जागा तेवढी दिलीये.

बाई, बाबांच्या शाळेत नऊ ग्रह होते आणि आम्हाला आठ. उद्या सात झाले तर? सारखं बदलणारच असेल तर पाठ कशाला करायचं?
(इयत्ता सातवी, लालबाग)

अरे तू चिडलायस ते बरोबरच आहे. आकडा बदलला हे पुस्तक सांगतं, पण का बदलला ते कोणी धड सांगत नाही, मग मुलांना वाटतं की शास्त्रज्ञांची लहर फिरली.

प्लुटो १९३० मध्ये अमेरिकेत क्लाइड टॉम्बॉला सापडला. तेव्हा तो बराच मोठा असेल असं वाटलं म्हणून तो नववा ग्रह झाला. पुढे दुर्बिणी सुधारत गेल्या तसं कळत गेलं की हा तर आपल्या चंद्रापेक्षाही लहान आहे. १९९२ पासून त्याच भागात आणखी गोळे सापडायला लागले आणि २००५ मध्ये एरिस नावाचा गोळा सापडल्याचं जाहीर झालं, तो जवळजवळ प्लुटोएवढाच. आता एरिसला दहावा म्हणायचं का, मग पुढचा अकरावा, बारावा, थांबायचं कुठे? म्हणून २४ ऑगस्ट २००६ ला प्राग शहरात जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत ग्रह कशाला म्हणायचं ते ठरवलं आणि प्लुटो बटुग्रह नावाच्या वेगळ्या गटात गेला. हे आधीही एकदा झालंय बरं का, १८०१ मध्ये सेरेस सापडला तेव्हा तोसुद्धा बरीच वर्षं ग्रह म्हणून मोजत होते, मग त्याच पट्ट्यात एकामागून एक सापडायला लागले तेव्हा लघुग्रह असा वेगळा गट केला.

यात प्लुटोच्या अंगावर एक ओरखडाही उठलेला नाही, बदललं ते आपण त्याला कुठल्या खणात ठेवतो तेवढंच. कधीकधी मात्र समजूतच बदलते आणि ती गोष्ट मला जास्त आवडते, म्हणून सांगते.

युरेनस हा ग्रह गणिताने जिथे असायला हवा तिथून जरासा सरकलेला दिसायचा. फ्रान्समधल्या ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने कागदावर हिशोब केला की पलीकडे न दिसलेला एखादा ग्रह याला खेचत असणार आणि तो अमुक जागी असणार. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गालेने तिकडे दुर्बीण वळवली आणि नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत! मग बुधाची पाळी आली. बुधाची कक्षा हळूहळू फिरते, पण न्यूटनच्या गणितात बसते त्यापेक्षा शतकाला ४३ विकला जास्त फिरते (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला, म्हणजे किती बारीक बघ). ल व्हेरिएने पुन्हा तीच युक्ती लावली, सूर्याजवळ अजून एक ग्रह असेल, त्याचं नावसुद्धा ठरलं, व्हल्कन. लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले, काहींनी दिसला म्हणूनही सांगितलं, पण दुसरा कोणी बघायला गेला की तिथे काहीच नसायचं. शेवटी १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षण वेगळ्या तऱ्हेने मांडलं आणि त्यातून ते ४३ विकला बरोब्बर निघाले, ग्रहाची गरजच राहिली नाही.

माणूस तोच, युक्ती तीच, एकदा खरी निघाली एकदा खोटी, आणि दोन्ही वेळा निकाल आकाशाकडे बघूनच लागला. ल व्हेरिए एवढा मोठा माणूस होता, पण तो म्हणतो म्हणून काही व्हल्कन उगवला नाही. आणि न्यूटन काही रद्दीत गेला नाही हं, यान सोडताना आजही बराचसा हिशोब त्याच्याच नियमांनी होतो. तेव्हा आठ नावं पाठ कर, पण वहीत प्लुटोच्या शेजारी २००६ आणि का ते एक ओळ लिहून ठेव, बाबांनाही दाखव.

बाई, मे महिन्यात मामाकडे देवगडला गेलो होतो तेव्हा विजयदुर्ग बघितला. तिथे ओटे दाखवून सांगितलं की १८ ऑगस्ट १८६८ ला इथूनच लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम वायूचा शोध लावला. फॅमिली ग्रुपवर पण दर वर्षी येतं. पण माझ्याकडच्या एका पुस्तकात गुंटूर लिहिलंय. खरं काय?
(इयत्ता आठवी, गिरगाव)

या पत्रासाठी मी तुला शाबासकी देते, कारण हीच गोष्ट मीसुद्धा वर्गात कितीतरी वर्षं सांगितलीये, अगदी अभिमानाने, आणि ती तशी नाहीये. तेव्हा माझ्या ज्या विद्यार्थ्यांनी ती ऐकली आणि आज हे वाचतायत त्यांच्यासाठीही हे उत्तर आहे.

आधी एक सोपी शंका घे. १८ ऑगस्टला कोकणात काय असतं? धो धो पाऊस, आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. लांबून बोटीने येऊन ग्रहण बघायला कोणी ती जागा, तो महिना निवडेल का? आता हा काही पुरावा झाला नाही, एखाद्या दिवशी उघडीप पडूही शकते, पण शंका यायला एवढं पुरे. शंका आली की कागद बघायचे, कोण कुठे होतं ते.

कागद सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होता, त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा उजेड वर्णपटदर्शकातून (उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) पाहिला. नॉर्मन लॉकियर मात्र त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याने तिकडूनच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ ला तसल्याच ज्वाळांचा वर्णपट बघितला. मग विजयदुर्ग कुठून आला? तर लॉकियर विजयदुर्गला आला होता, नक्की आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! कोरडा हिवाळा, स्वच्छ आकाश. दोन ग्रहणं, मध्ये जवळपास तीस वर्षं, आणि सांगता सांगता लोकांनी ती एकत्र शिवून टाकली. किल्ल्याची शान याने कमी होत नाही, १८९८ ची मोहीम खरीखुरी आहे, तीच सांगावी.

आता हेलियम कळला कसा, ते तर याहून भारी आहे, आणि तुझ्या स्वयंपाकघरातच त्याची सुरुवात होते. वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते बघ, ती मिठातल्या सोडियममुळे. आपल्या रस्त्यांवर पूर्वी जे पिवळे दिवे होते ते पण सोडियमचेच. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरलेल्या रंगांच्या बारीक रेघा दाखवतं, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखं, एकाची रेघ दुसऱ्याशी जुळत नाही. सूर्याच्या ज्वाळांत एक पिवळी रेघ दिसली, सोडियमच्या जवळ पण तिथेच नाही, किंचित बाजूला. कोणी म्हणालं सोडियमच असेल, कोणी म्हणालं हायड्रोजनची एखादी वेगळी रेघ असेल. लॉकियर म्हणाला हे पृथ्वीवर कोणाला न सापडलेलं द्रव्य आहे, आणि ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात त्यावरून हेलियम नाव पडलं.

बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही, आणि न पटणं योग्यच होतं असं माझं मत आहे. हातात काही नाही, बाटलीत काही नाही, नुसती एक रेघ, तीही कोट्यवधी किलोमीटर लांबची. म्हणून ते नाव जवळजवळ २७ वर्षं अधांतरी लटकत राहिलं. मग १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झी एका युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू तपासत होता, तो शोधत होता भलतंच काहीतरी, आणि त्याला तीच पिवळी रेघ दिसली. तपासायला दुसऱ्यांकडेही पाठवलं, जुळलं. तेव्हा कुठे हेलियम पक्का झाला. आज वर जाणाऱ्या बऱ्याच फुग्यांत तोच भरलेला असतो.

ग्रुपवर तो मेसेज परत आला तर भांडू नकोस. शांतपणे १८९८ ची तारीख टाक आणि विचार की तुम्हाला १८६८ कुठे सापडलं.

मॅडम, माझ्या मुलीच्या ग्रुपला प्रॅक्टिकलला पाणी उकळताना ९७ अंश आलं. बाकी सगळ्यांनी १०० लिहिलं म्हणून तिनेही खोडून १०० केलं, पूर्ण मार्क मिळाले. रात्री मला म्हणाली, आई मी खोटं लिहिलं का गं? मला काय बोलावं सुचेना.
(सहावीतल्या मुलीची आई, मुलुंड)

ताई, तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारला तो प्रश्न पडणं हीच मोठी गोष्ट आहे, तिला आधी जवळ घ्या. मी कॉलेजात असताना आम्ही सगळ्यांनी हेच केलंय, लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यायला हवं हे माहीत असायचं, मग तिथून मागे मागे येत रीडिंग बसवायची, जर्नल सुंदर, सह्या झालेल्या. त्या जर्नलमधून मी काहीही शिकले नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तिला सांगा की ९७ हे चुकीचं उत्तर नव्हतं, ते त्या दिवशी त्या थर्मामीटरने दाखवलेलं रीडिंग होतं. आता ते ९७ का आलं हा खरा प्रयोग. थर्मामीटर खराब असेल तर तो वितळणाऱ्या बर्फात बुडवून बघायचा, शून्य दाखवतो का. दुसऱ्या ग्रुपचा थर्मामीटर आपल्या भांड्यात घालून बघायचा. पाणी खळाखळा उकळायच्या आधीच घाईने वाचलं का? डोळा पाऱ्याच्या रेषेला समोर होता की वरून बघितलं? मुंबई समुद्रकाठी आहे म्हणून इथे १०० च्या जवळ यायला हवं, पण हेच महाबळेश्वरला केलं असतं तर ९५-९६ च्या आसपास आलं असतं आणि ते अगदी बरोबर असतं, कारण उंचावर हवेचा दाब कमी. तिथल्या मुलांनी पुस्तकात आहे म्हणून खोडून १०० केलं तर त्यांना दाब आणि उकळण्याचा संबंध कधी कळणारच नाही. खोडलेल्या आकड्याखालीच पुष्कळदा नवी गोष्ट असते.

आणि कुलाब्याची गोष्ट तिला नक्की सांगा. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४० च्या दशकापासून चालू होती. हल्लीसारखं यंत्र आपोआप नोंद करत नव्हतं, माणूस ठरल्या वेळी जाऊन बघायचा आणि आकडा लिहायचा, रोज, रात्रीसुद्धा. २ सप्टेंबर १८५९ ला ते आकडे अचानक कोसळले, आडव्या दिशेचं बल जवळपास १६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकाचं बल मोजायचं माप) उतरलं. आता विचार करा, त्या बिचाऱ्या माणसाला किती मोह झाला असेल, यंत्र बिघडलं म्हणायचं आणि कालच्यासारखाच आकडा लिहून मोकळं व्हायचं. त्याने जे दिसलं ते लिहिलं.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरच्या डागांची चित्रं काढत बसला होता, त्याला सूर्यावर एकदम लख्ख चमक दिसली होती. जगात ठिकठिकाणी तारायंत्रं बंद पडली, एरवी ध्रुवांकडे दिसणारे रंगीत प्रकाश क्यूबासारख्या गरम देशात दिसले. सूर्याकडून आलेलं हे चुंबकाचं वादळ किती मोठं होतं हे मोजायला युरोपातली यंत्रं उपयोगी पडेनात, कारण लंडनजवळच्या वेधशाळेत तर नोंद कागदाच्या बाहेर गेली होती. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदी काढून हिशोब केला आणि तो निबंध छापला. १४४ वर्षांनी! सूर्याचं एवढं वादळ आज आलं तर विजेच्या लाइन आणि उपग्रह यांचं काय होईल हे ठरवताना जगभर मुंबईचे ते आकडे वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकाची मोजणी बिघडू नये म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं, लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत.

शाळेला दोष देत बसू नका, पण एकदा शिक्षकांना भेटून एवढं विचारा की वेगळं रीडिंग आलं आणि मुलीने त्याचं कारण शोधून लिहिलं तर मार्क द्याल का. बरेच शिक्षक हो म्हणतात, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

बाई, आमच्या बिल्डिंगमधल्या आजी म्हणतात पूर्वी प्लेग आला की लोक घरं सोडून पळायचे. प्लेग उंदरांमुळे होतो हे कोणाला आणि कसं कळलं? आणि हाफकिन संस्था आमच्या परळलाच का?
(इयत्ता सहावी, परळ)

अगं तू तर त्या गोष्टीच्या दारातच राहतेस.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला, गोदीजवळ धान्याची गोदामं होती त्या भागात, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, म्हणजे चोर कोण ते माहीत होतं पण तो घरात शिरतो कुठून ते माहीत नव्हतं. तेव्हा पुष्कळांचा समज असा की घाण, कुबट हवा, ओलसर जमीन यातून रोग येतो. म्हणून सरकारने गटारं समुद्राच्या पाण्याने धुतली, घरांत कार्बोलिक नावाचं जंतुनाशक शिंपडलं, चुना मारला, ऊन यावं म्हणून कौलं काढली, लोकांना घराबाहेर काढलं. लोकांचे फार हाल झाले. प्लेग काही थांबला नाही.

जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन त्याच ऑक्टोबरात मुंबईत आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात छोट्याशा जागेत काम सुरू केलं आणि तीन महिन्यांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वतःहून पुढे आले, काहींना टोचली, काहींना नाही, आणि दोन्हीकडे काय होतं ते बघितलं. ही दोन गटांची पद्धत लक्षात ठेव, पुढे लागेल. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून त्या संस्थेला हाफकिनचं नाव आहे. बघ हं, लस आधी आली आणि रोग पसरतो कसा ते नंतर कळलं. धड्यात सगळं ओळीने असतं, घडताना तसं नसतं.

आता उंदीर. माणसांच्या आधी उंदीर मरतात हे लोकांनी बघितलेलं होतंच. पण उंदरातून माणसात जातो कसा? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक प्रयोग केला. प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर काचेच्या बरणीत ठेवला, आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर, दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही असा. थोड्या दिवसांत धडधाकट उंदीरही प्लेगने मेला. म्हणजे मधे उडी मारून जाणारं काहीतरी आहे, पिसू! त्याने हे छापलं आणि कितीतरी जणांनी ते मानलंच नाही.

एका बरणीवर एवढी मोठी गोष्ट मानायची नाही हे ठीकच, पण मग पुन्हा करून बघायला तरी हवं ना. ते आपल्या मुंबईत झालं. ग्लेन लिस्टन नावाचे डॉक्टर इथे पिसवांच्या मागे लागले होते, आणि १९०५ पासून प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत एकामागून एक प्रयोग केले. त्यातला एक तर मी फळ्यावर काढायचे. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागी गिनीपिगचे पिंजरे ठेवले, एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. हवा दोघांना एकच, जागा एकच, वास एकच. दोन इंचांवरच्याला प्लेग झाला, दोन फुटांवरचा वाचला. का? पिसू पाचेक इंचांच्या वर उडी मारू शकत नाही. रोग हवेतून येत असता तर दोन फुटांवरच्याला काय कमी हवा मिळाली होती?

मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, यात वाद घातलेला नाही. पिंजरा दोन फूट वर टांगला आणि खराब हवेचं म्हणणं खाली पडलं. शाळेची ट्रिप हाफकिनच्या संग्रहालयात जाते का ते बाईंना विचार.

हवामान खात्याचा अंदाज चुकतोच, छत्री न्यावी तर ऊन पडतं. याला विज्ञान म्हणायचं का?
(आजोबा, बोरिवली)

आजोबा, नमस्कार. तुम्ही २६ जुलै २००५ बघितलाय म्हणून तेच उदाहरण घेते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! एवढ्या छोट्या भागावर फुटणारा ढग आधी पकडायला जवळून आकाश बघणारं डॉपलर रडार लागतं, ते तेव्हा मुंबईत नव्हतं. नंतर बसवलं. हवेचं गणित असं आहे की सुरुवातीच्या मोजणीत किंचित फरक पडला तरी चार दिवसांनी भलतंच चित्र निघतं, म्हणून उद्याचा अंदाज बराच भरवशाचा आणि पंधरा दिवसांनंतरचा कच्चा. पण अंदाज आधी जाहीर करायचा, मग पाऊस मोजायचा, आणि किती चुकलो ते लिहून ठेवायचं, हे दररोज उघडपणे करणारं खातं आहे ते, त्याला मी विज्ञानच म्हणेन. दोन महिने कॅलेंडरवर आदल्या दिवशीचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस लिहून बघा ना, फसलेली छत्री लक्षात राहते, उपयोगी पडलेली राहत नाही. तुमच्या नोंदी कळवल्यात तर मी इथे छापीन.

बाई, मला प्रयोग करायचाय पण आमचं घर लहान आहे, लॅब नाही काही नाही. आजी म्हणते विरजण नसेल तर दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकायची, दही लागतं. खरं का?
(इयत्ता पाचवी, वरळी कोळीवाडा)

मी उत्तर सांगणार नाही, कारण तुझ्याकडे तीन वाट्या आहेत आणि तेवढ्यात काम होतं.

आईला सांगून दूध उकळून घे आणि बोट घातलं तर सोसेल इतकं कोमट होऊ दे. एकसारख्या तीन स्टीलच्या वाट्या घे, आधी गरम पाण्याने धुऊन. तिन्हींत चमच्याने मोजून सारखंच दूध घाल. पहिल्या वाटीत नेहमीचं विरजण, अर्धा चमचा. दुसरीत मिरचीची चार देठं. तिसरीत काहीच नाही.

तिसरी वाटी कशाला, असं सगळी मुलं विचारतात. समज देठांच्या वाटीत दही लागलं, तू आजीला मिठी मारलीस, आणि तिसऱ्या वाटीतलं नुसतं दूधही तसंच घट्ट झालेलं असेल तर? मग देठांनी काय केलं? काहीच न घातलेली वाटी नसेल तर तुला हे कधी कळलंच नसतं. वर परळच्या मैत्रिणीला सांगितलेले दोन गट आठवतात ना, काहींना लस आणि काहींना नाही, ते हेच.

तिन्ही वाट्या झाकून एकाच जागी ठेव, एक खिडकीत आणि दोन ओट्यावर असं नको, नाहीतर उन्हाने झालं की देठाने ते सांगता येणार नाही. झाकायच्या आधीच वहीत लिही की तुला काय होईल असं वाटतंय, आजीलाही विचारून तिचं वेगळं लिही. निकाल लागल्यावर सगळ्यांना वाटतं की आपल्याला आधीच माहीत होतं, म्हणून आधी लिहायचं. मग सहा तासांनी, आठ तासांनी, बारा तासांनी बघ, वाटी हलकेच तिरकी करून, दूध वाहतंय की थरथरतंय की घट्ट बसलंय. वास कसा येतो ते लिही. चव मात्र फक्त विरजणाच्या वाटीची घ्यायची, बाकी दोन्हींत काय वाढलंय आपल्याला माहीत नाही, त्या खायच्या नाहीत.

आणि एकदा करून थांबू नकोस. तीन वेळा कर, जमलं तर एकदा पावसात आणि एकदा थंडीत. दोनदा लागलं आणि एकदा नाही लागलं तर तसंच लिही, खोडायचं नाही. शेजारच्या मैत्रिणीला पण तिच्या घरी करायला सांग, दूध वेगळं, मिरची वेगळी, काय होतं बघू. आजी चुकली असं निघालं तरी तिला तोंडावर चुकलीस म्हणू नकोस गं, तिला वाट्या दाखव आणि विचार की आजी तुझ्या वेळी भांडं कुठलं होतं, मातीचं का? दह्याचंच भांडं परत परत वापरायचे का? त्यातून तुला पुढचा प्रयोग मिळेल, कदाचित तिथेच काहीतरी असेल.

एकच सांगायचं राहिलं, ढवळायला प्रत्येक वाटीला वेगळा चमचा घे. विरजणाचा चमचा चुकून देठांच्या वाटीत गेला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.